चहा सोडून सात वर्षं झाली, आईला अजून सांगितलेलं नाही

कृष्णाकाठचा

नमस्कार मंडळी. बरेच दिवस नुसता वाचतोय, धागा पहिल्यांदाच काढतोय. चहा की कॉफी हा विषय घासून गुळगुळीत झालाय हे मान्य, पण माझी अडचण खरी आहे.

मी मूळचा वाईचा. आमच्या घरी कॉफी म्हणजे परीक्षेच्या दिवसांत रात्री अकराला मिळणारी वस्तू, तीही दुधात जायफळ किसून. बाकी वर्षभर चहा. सकाळी दोनदा, दुपारी चारला, कोणी आलं की त्यांच्याबरोबर, आणि ते गेले की 'आता आपला घोटभर' म्हणून परत. नोकरीसाठी बेंगळुरूला आलो, लग्न म्हैसूरच्या मुलीशी झालं. पहिली काही वर्षं सकाळी गॅसवर दोन्ही असायचं. मग घाईघाईत एक दिवस मी तिच्याच फिल्टरमधलं डिकॉक्शन, म्हणजे कॉफीचा अर्क, ओतून घेतलं, दुसऱ्या दिवशीही घेतलं, आणि तेच चालू राहिलं. ठरवून काही केलं नाही. सात वर्षं झाली त्याला. परवा कपाटाच्या मागे चहाचा डबा सापडला, पावडरीला जिऱ्याचा वास येत होता.

आता आई दोन महिन्यांसाठी येतेय. रोज संध्याकाळी फोनवर तिचा पहिला प्रश्न असतो, 'चहा झाला का?' आणि मी सात वर्षं 'झाला' म्हणतोय.

चाळिशीत माणसाची जीभ खरंच बदलते, की ही नुसती संगत? ज्यांनी चहा सोडून कॉफी धरली किंवा उलटं केलं, त्यांनी घरी कसं निभावलं? आणि घरात पुन्हा धड चहा व्हायला हवा तर सुरुवात कुठून करू?

साखरकमी

पहिला! रुमाल टाकून ठेवतो, सावकाश लिहितो.

पेठकर

अहो, सात वर्षं आईशी खोटं बोलताय आणि प्रश्न जिभेचा विचारताय!

कॉफीशी आमचं वैर नाही. कुणाकडे गेलो आणि त्यांनी न विचारता करून आणली तर आम्ही पितो. पण स्वतःच्या पैशाने, स्वतःच्या पायाने चालत जाऊन माणूस पितो तो चहा. आमच्या पेठेतलं अमृततुल्य सकाळी लवकर उघडतं. पुढे ओटा, ओट्यावर मांडी घालून बसलेले शेठ, समोर घासूनपुसून लखलखीत केलेली पितळी पातेली. वेलदोडा आणि सुंठ कुटल्याचा खलबत्त्याचा आवाज आधी येतो, वास मागून. चहा फडक्यातून गाळतात आणि फडकं पिळायची त्यांची एक लकब असते, ती घरी जमत नाही. ही बहुतेक मंडळी राजस्थानातून आलेली श्रीमाळी, दोन-तीन पिढ्या पुण्यात. दुकानांना नावं देवाची, अर्ध्याहून जास्त महादेवाची. इतकं करून बसायला एक बाकडं, त्यावर आधीच चार जण. चहा संपला की उठायचं, उगाच लॅपटॉप उघडून बसायचं नाही.

तुमच्या तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर: तो डबा फेकून द्या आणि पातेलं नवं घ्या. ज्या भांड्यात सात वर्षं दूध तापवलंय त्यात चहा करू नका.

साखरकमी

पेठकर, अमृततुल्यचा चहा म्हणजे चहाच्या चवीचा पाक असतो हे कधीतरी कबूल करा. अर्ध्या कपात एवढी साखर की चमचा उभा राहील. मी तिथे जाऊन 'साखर कमी' म्हणालो तर शेठनी असं पाहिलं की जणू उधारी मागितली.

पेठकर

तो तयार केलेला असतो. त्यातून साखर कशी काढणार?

चिकोरी

बेळगावहून लिहितेय, म्हणजे मी दोन्ही बाजूंची. माहेर मराठी, चहाचं. सासर कन्नड, कॉफीचं. कृष्णाकाठचे, तुमची गत मला पूर्ण कळते.

एक गैरसमज आधी काढून टाकू. महाराष्ट्रात ज्याला कॉफी म्हणतात आणि ज्यावरून कॉफीला नावं ठेवतात, ती कॉफी नसतेच. ते इन्स्टंट पावडर घातलेलं गोड दूध असतं. फिल्टरचा प्रकार वेगळा. वरच्या भांड्याला खाली बारीक भोकं, त्यात तीन-चार चमचे पावडर, त्यावर दांड्याची छत्री हलकेच बसवायची. फार दाबली तर पाणी उतरत नाही, सैल सोडली तर नुसतं रंगीत पाणी खाली येतं. उकळून जरासं निवलेलं पाणी घालायचं आणि झाकण लावून विसरून जायचं. वीस मिनिटं तरी. आमच्याकडे सासूबाई रात्रीच घालून ठेवायच्या, सकाळी पहिलं डिकॉक्शन तयार. दूध ताजं, सायीचं, आणि डिकॉक्शन घातल्यावर पुन्हा गॅसवर चढवायचं नाही. चढवलं की वास गेला.

आणि हो, माझ्या नावावरून विचारू नका. चिकोरी हे एक मूळ आहे, भाजून दळलेलं. त्याने रंग आणि दाटपणा येतो. पाकिटावर कॉफी आणि चिकोरीचं प्रमाण छापलेलं असतं, ८०:२०, ७०:३० वगैरे. कायद्याने कॉफी किमान ५१ टक्के लागते. सासरच्या मंडळींत ७०:३० पिणारे आणि शुद्ध पिणारे यांच्यात जे चालतं त्यापुढे चहा-कॉफीचं भांडण काहीच नाही.

जिभेचं म्हणाल तर माझी बदलली, पण अर्धीच. सकाळी कॉफी, दुपारी चहा. उलटं केलं तर दिवस चुकल्यासारखा वाटतो.

मोगरा

'गोड दूध' म्हणून हिणवलेल्या त्या कॉफीची बाजू घ्यायला मी आले आहे.

आजीची कॉफी अशी: दूध उकळत ठेवायचं, साखर, कॉफी, वरून सहाणेवर उगाळलेलं जायफळ. पूर्वी कॉफीच्या वड्या मिळायच्या, साखरेच्या चौकोनी वडीच्या पोटात कॉफी. आम्ही मुलं त्या नुसत्याच चोखायचो आणि मार खायचो. ही कॉफी कुणाला मिळायची? बाळंतिणीला भेटायला आलेल्या बायकांना, मुलगी बघायला आलेल्यांना, आणि आजोबांच्या वकील मित्राला. चहा रोजचा, कॉफी मानाची. मला माझ्या सासरच्यांनी पाहिलं तेव्हा ट्रेमध्ये कॉफीच होती. हात थरथरले नाहीत पण जायफळ जास्त पडलं. सासरे तिथेच सोफ्यावर पेंगायला लागले. लग्न ठरलं, बहुतेक ते नाही म्हणायच्या अवस्थेत नसल्यामुळे.

तेव्हा तिला कॉफी म्हणा न म्हणा, पण खीर म्हणून हसू नका.

साखरकमी

हसून हसून पुरेवाट! 'नाही म्हणायच्या अवस्थेत नसल्यामुळे'!

चिकोरी

मोगरा, शब्द मागे घेते. पण म्हैसूरच्या सुनेला ही कॉफी देऊ नका, ती माहेरी निघून जाईल. हलकेच घ्या.

डॉ. निवांत

आवडीनिवडीत डॉक्टरने पडू नये, तरी पडतो.

२०२४ मध्ये आयसीएमआर (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषद) आणि हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने आहाराबद्दलच्या सूचना काढल्या, त्यात चहा-कॉफीवरही लिहिलं आहे. दीडशे मिलिलिटर कॉफीत ८० ते १२० मिलिग्रॅम कॅफिन, इन्स्टंटमध्ये ५० ते ६५, चहात ३० ते ६५. दिवसाला ३०० मिलिग्रॅमच्या वर जाऊ नये. हे वाचून चहावाल्यांनी लगेच खूश होऊ नये, कारण कॉफीवाला दोन कपांवर थांबतो आणि चहावाला मोजतच नाही. 'अर्धाच दे' असं म्हणून घेतलेले सहा अर्धे म्हणजे तीन पूर्ण होतात, हे गणित मी रोज पेशंटना शिकवतो.

दुसरं जास्त महत्त्वाचं. जेवणाआधी आणि नंतर तासभर दोन्ही नको. चहातल्या टॅनिनमुळे अन्नातलं लोह नीट शोषलं जात नाही. आपल्याकडे बायकांमध्ये रक्त कमी असण्याचं प्रमाण मोठं आहे आणि त्याच बायका सकाळी पोळीचा तुकडा चहात बुडवून खातात व तोच नाश्ता समजतात. चहा पोळी सुटणार नाही हे मला माहीत आहे, निदान पालेभाजीच्या जेवणावर लगेच चहा नको.

संध्याकाळनंतर कॉफी घेऊन झोप येत नाही अशी तक्रार घेऊन येऊ नका. रक्तातलं कॅफिन निम्म्यावर यायलाच साधारण पाच तास लागतात.

पेठकर

डॉक्टर, तुम्ही स्वतः काय घेता?

डॉ. निवांत

कँटीनचा चहा. किती ते विचारू नका.

वऱ्हाडी ठेचा

एक गोष्ट कोणाच्या ध्यानात आली का? पुण्याकडे चहा 'टाकतात', मुंबईकडे 'ठेवतात', आणि आमच्याकडे चहा 'मांडतात'. 'बसा जी, चहा मांडला' असं म्हटलं की पाहुण्याला उठायची सोय नाही. लग्नानंतर सोलापूरची बायको पहिल्यांदा घरी आली, मायने सांगितलं 'सूनबाई, चहा मांड'. ती बिचारी कपबश्या काढून टेबलावर मांडून उभी राहिली. पंधरा मिनिटं सगळे रिकाम्या कपांकडे पाहत होते.

कॉफीला मात्र असं एकही क्रियापद नाही. कॉफी 'करतात', बस्स. भाषेने कॉफीला घरात घेतलं, ओट्यापर्यंत येऊ दिलं नाही.

आणि कॉफी म्हणजे फक्त दक्षिणेची असं समजणाऱ्यांसाठी: अमरावती जिल्ह्यात आमच्या चिखलदऱ्याला कॉफी होते. महाराष्ट्रात कॉफी होणारं ठिकाण तेवढंच. मेळघाटात फिरायला गेलात तर झाडं पाहून या. मी गेलो, झाडं पाहिली, आणि बाहेर येऊन टपरीवर चहा प्यायलो, हा भाग वेगळा.

ओट्यावरून

'ओट्यापर्यंत येऊ दिलं नाही' हे आवडलं. माझं नावच ते असल्यामुळे दोन शब्द.

आमच्या कोकणात सकाळचा पहिला चहा कोरा असतो. दूध येईपर्यंत थांबायचं कुणी? गवती चहाची पात, आल्याचा तुकडा, गूळ. आता गुळाच्या चहाची दुकानं शहरात निघाली आहेत आणि त्यात दूध घालतात. घरी करून पाहणाऱ्यांचा हमखास फुटतो आणि मग गुळाला नावं ठेवतात. गूळ दुधाबरोबर उकळायचा नाही. चहा पूर्ण होऊ दे, गॅस बंद कर, अर्धा मिनिट थांब, मग गूळ घालून ढवळ. नाहीतर गूळ कपात घाल आणि वरून चहा गाळ.

कृष्णाकाठचे, तुमच्या आईचा 'चहा झाला का' हा प्रश्न चहाबद्दलचा नसावा असं मला उगाच वाटतं. माझी आई हाच प्रश्न विचारायची आणि उत्तर ऐकायच्या आत पुढचं बोलायला लागायची.

जुनी पानं

थोडी काडी टाकतो. 'चहा ही आपली संस्कृती' असं कुणी अजून म्हटलं नाही, पण म्हणणार, म्हणून आधीच.

आसाम कंपनी निघाली १८३९ मध्ये. तिथला चहा जायचा लंडनला. इथल्या माणसाने चहा प्यावा असं चहावाल्यांना फार उशिरा वाटलं. १९०३ मध्ये निर्यात होणाऱ्या चहावर कर बसवला आणि त्या पैशातून जाहिरात सुरू झाली. १९३० च्या दशकात मंदीत माल पडून राहिला तेव्हा तर गावोगाव गाड्या फिरवून फुकट कप वाटले. आपल्या पणज्यांनी चहा शोधला नाही, त्यांना तो पाजला गेला. आणि आज आपण जी कडक दाणेदार पावडर उकळतो ती सीटीसी, म्हणजे पान चिरडून, फाडून, वळवून केलेली. ते यंत्र आसामात आलं तेही १९३० च्या दशकातच. त्या पावडरीतून कमी पानांत जास्त कप निघतात, म्हणून ती टपरीला परवडली. दार्जिलिंगचं पान आपल्या पद्धतीने दहा मिनिटं उकळून पाहा, पैसे आणि चहा दोन्ही कडू लागतील.

त्या मानाने कॉफी जुनी. बाबा बुडन यांनी येमेनमधल्या मोख्याहून सात बिया लपवून आणल्या आणि चिकमगळूरच्या डोंगरावर लावल्या, ही कथा सतराव्या शतकातली. बियांचा आकडा दंतकथेतला असेल, पण डोंगराला नाव त्यांचंच आहे.

म्हणजे धागाकर्त्याने केलं ते धर्मांतर नाही, मूळपदावर येणं आहे.

पेठकर

उपासाला मिरची, बटाटा, साबुदाणा चालतो, मग चहाला कशाला वंशावळ विचारता? शंभर वर्षांत आपला झाला, पुरे.

उत्तरवारा

जर्मनीतून. इथे सगळा देश कॉफी पितो. ऑफिसात चहा मागितला की 'बरं नाही का?' असं विचारतात, कारण चहा म्हणजे सर्दीवरचा पुदिना नाहीतर कॅमोमाइल. मी पहिली तीन वर्षं तसाच आजारी समजला गेलो.

मग कामानिमित्त वायव्येला, समुद्राजवळ ऑस्टफ्रीसलंडला गेलो आणि गाव सापडलं. हा पट्टा चहाचा. माणशी वर्षाला सुमारे ३०० लिटर! पद्धत मात्र सोवळ्याची. कपात आधी मोठी खडीसाखर, त्यावर कडक गरम चहा. साखर तडकते, तो आवाज मन लावून ऐकायचा. मग कडेने साय सोडायची, ती ढगासारखी वर येते. आणि ढवळायचं नाही! आधी साय लागते, मग कडू, तळाशी गोड. मी सवयीने चमचा फिरवला तेव्हा घरमालकीण काही बोलली नाही, पण तिचा चेहरा अगदी माझ्या आत्यासारखा झाला. तीन कप घ्यावेच लागतात. तिसऱ्यानंतर नको असेल तर चमचा कपात उभा ठेवायचा, नाहीतर भरतच राहतात. आपल्याकडे 'नको, नको' म्हटल्यावर बशीवर हात ठेवतात तसंच.

जाता जाता, तुर्कस्तानच्या नावाने कॉफी जगभर विकली जाते आणि तुर्की माणूस दिवसभर छोट्या काचेच्या पेल्यातून चहा पितो. माणशी चहा पिण्यात तो देश सगळ्यांच्या पुढे.

साधा माणूस

वाचत होतो. लिहावं की नाही ठरत नव्हतं.

आमच्या आजोबांचा कप गावातल्या हॉटेलच्या बाहेर, पत्र्याखाली खिळ्याला अडकवलेला असायचा. बाकी कपांपासून वेगळा. आजोबांनी तो काढायचा, हॉटेलवाला वरून चहा ओतणार, खाली उकिडवं बसून प्यायचा, स्वतः विसळून परत खिळ्याला. पैसे तेवढेच. माझ्या वडिलांनी हे लहानपणी पाहिलं. पुढे ते शहरात नोकरीला लागले, खिळा मागे राहिला. पण ते हॉटेलात कधी चहा प्यायले नाहीत. घरी पीत, बशीत ओतून, सावकाश, डोळे मिटून. बाहेर कुणी फारच आग्रह केला तर म्हणायचे, 'मला कॉफी चालेल.'

मला कॉलेजात जाईपर्यंत वाटायचं की वडिलांना कॉफी आवडते. ते गेल्यावर आईने सांगितलं, अजिबात आवडत नव्हती, कडवट लागायची. गावात कॉफी नव्हती, एवढंच त्या कॉफीचं भलं होतं.

मी टपरीवर उभा राहून चहा पितो. सगळे ग्लास एकाच बादलीत विसळलेले असतात. स्वच्छतेवरून बायको ओरडते. तिचं बरोबर आहे. तरी मी तिथेच पितो.

ओट्यावरून

दादा, लिहिलंत हे फार चांगलं केलंत.

जुनी पानं

मी वर फुकट वाटलेल्या कपांचं लिहिलं. ते कप कुणाच्या हातात दिले आणि कुणाला वरून ओतले, हे लिहायचं राहिलं. ते पान तुम्ही लिहिलंत.

अर्धाकप

उशिरा आलो. दोन्ही पक्षांना एक तोडगा देतो आणि दोन्हीकडून शिव्या खातो.

आमच्या ऑफिसच्या कँटीनमध्ये 'मारामारी' मिळायची. अर्धा चहा, अर्धी कॉफी, एकाच ग्लासात. रात्रपाळीचा शोध. चव? पहिला घोट चहाचा वाटतो, गिळताना कॉफी आठवते आणि नंतर पश्चात्ताप. पण पहाटे तीनला तिच्याशिवाय कुणी जागं राहत नसे. मला वाटायचं हा आमच्या कँटीनवाल्याचाच अघोरी प्रकार. मग हाँगकाँगला गेलो तर तिथे हेच पेय हॉटेलात राजरोस मेन्यूवर! युनयुंग म्हणतात. दुधाचा चहा आणि कॉफी एकत्र. नावाचा अर्थ काय, तर मँडरिन बदकांची जोडी. नर आणि मादी दिसायला अगदी वेगळे, पण कायम एकत्र असतात अशी समजूत. आपण त्याला मारामारी म्हणतो, त्यांनी संसार म्हटलं.

पेठकर

दोन्हीचा अर्थ एकच. विवाहित माणसाला विचारा.

मोगरा

आता या वाक्यावरून धागा भरकटणार. त्याआधी, कृष्णाकाठचे, आई आल्या का? मी सासऱ्यांच्या झोपेची गोष्ट सांगून मोकळी झाले, तुम्ही मात्र प्रश्न टाकून गायब.

कृष्णाकाठचा

गायब नाही, ओट्यापाशी आहे. आई येऊन बारा दिवस झाले. सगळं सांगतो.

पेठकरांच्या सल्ल्याने नवीन पातेलं आणलं. वाया गेलं. आई स्वतःचं जर्मनचं (अ‍ॅल्युमिनियमचं) पातेलं साडीत गुंडाळून घेऊन आली होती, बुडाला काळं झालेलं, कडेला पोचा असलेलं. सोबत गाळणी आणि वाईच्या दुकानातलं तिचं नेहमीचं मिक्श्चर, अर्धी डस्ट, अर्धं लीफ. 'तुमच्याकडची पावडर कशी असते कोण जाणे.' म्हणजे डब्याची भीती उगाच होती.

पहिल्या दिवशी सकाळी तिने चहा टाकला, मला कप दिला. मी प्यायलो. वाईट नव्हता, उलट वासाने एकदम आमचं मागचं दार, घाटाकडे जाणारी बोळ, सगळं आठवलं. पण तोंडात घोळेना. जिभेवर एक थर बसल्यासारखं झालं. दुसऱ्या दिवशी तेच. नाटक मात्र चोख करत होतो, फुंकर वगैरे घालून.

तिसऱ्या दिवशी आई म्हणाली, 'तुला नको असेल तर सांग की. रोज अर्धा कप दूध वाया जातंय.' मी म्हटलं, संपवला ना? तर म्हणे, 'संपवलास, पण लगेच उठून कप विसळलास. चहा पिणारा असा उठतो होय? तो रिकामा कप हातात धरून बसतो.' मग जरा थांबून, 'कधीपासून सोडलास?' मी सांगितलं, सात वर्षं. 'आणि फोनवर झाला म्हणायचास.' म्हटलं, हो. ती चिडेल असं वाटलं होतं. ती म्हणाली, 'मला माहीत होतं. मागच्या दिवाळीला आलास तेव्हा चार दिवसांत एकदा दुसरा कप मागितला नाहीस.'

ओट्यावरून, तुमचं बरोबर निघालं. तो प्रश्न चहाबद्दलचा नव्हताच.

बायकोने तिला फिल्टर कॉफी करून दिली. आईने दवरा (कॉफीची खोलगट वाटी) हातात घेऊन आधी वास घेतला, एक घोट घेतला, आणि म्हणाली, 'वास छान आहे गं. वासच घेते मी.' तेव्हापासून रोज सकाळी बायको डिकॉक्शन उतरवते तेव्हा आई शेजारी उभी राहून वास घेते आणि मग स्वतःचा चहा टाकते. फिल्टरमधला चोथा आणि चहाचा चोथा एकत्र करून कढीपत्त्याच्या कुंडीत जातो. गॅसवर पुन्हा दोन भांडी असतात. काल बायकोच म्हणाली, 'अत्ते (म्हणजे सासूबाई), मला पण अर्धा कप.' मला कुणी विचारलं नाही.

साधा माणूस, तुमचा प्रतिसाद आईला वाचून दाखवला. तिने चष्मा काढून ठेवला. मग म्हणाली, आपल्या आळीच्या कोपऱ्यावरच्या हॉटेलातही असा खिळा होता. मी त्या हॉटेलात लहानपणी खारी खायचो. मला खिळा आठवत नाही.

जिभेचं विचारलं होतं, तर माझी बदलली आहे. दुपारी चारला आई चहा घेते, मी शेजारी कॉफी घेऊन बसतो. कप लगेच विसळत नाही, एवढं शिकलोय.

साधा माणूस

आईंना नमस्कार सांगा.

चिकोरी

चारला कॉफी घेऊ नका हो, डॉक्टरांनी काय सांगितलं? बाय द वे, बायको ८०:२० वापरते की ७०:३०?

डॉ. निवांत

चारची चालेल, आठची नको. पण ते जर्मनचं पातेलं बदलता आलं तर पाहा. स्टीलचं बरं.

पेठकर

डॉक्टर, आईच्या पातेल्याला हात लावायचा नाही!

कृष्णाकाठचा

६०:४० वापरते. पातेल्याचं मी सांगणार नाही, डॉक्टर, तुम्हीच फोन करून सांगा.

चिकोरी

६०:४०?? म्हैसूरची म्हणालात ना तुम्ही?